पांढरी चारवरचा ओरखडा

जुनी पेटी पारखायची तर तिच्यावर गाणे वाजवून पाहू नये. भात्यावर तळहात नुसता टेकवावा, खर्जातली एक पट्टी दाबून धरावी आणि हवा जेमतेम हलेल एवढाच जोर द्यावा. बहुतेक पेट्या इथेच हरतात. आधी नुसती फुसफुस ऐकू येते, मग दाब जरा वाढला की सूर दचकून उठल्यासारखा बाहेर पडतो. चांगल्या पॅरिस सुरांच्या पेटीत असे होत नाही. हवा हलली की सूर असतोच. आधी इतका बारीक, की तो पेटीतून येतो आहे की शेजारच्या खोलीतून, ते कळू नये. दाब वाढवत न्याल तसा तो जाड होत नाही, भरत जातो. जाड होणे आणि भरणे यांतला फरक ज्याच्या कानाला एकदा कळला, त्याला जुन्या पेट्यांचा नाद लागला म्हणून समजावे. मला तो पाचोऱ्यात राहून लागला. इथून जामनेरपर्यंतच्या गावांत भजनी मंडळांच्या माळ्यांवर, देवळांच्या कोठ्यांत आणि जुन्या वाड्यांच्या फडताळांत अजूनही अशा पेट्या निघतात.

हे भरणे कुठून येते ते पाहायचे तर झाकण काढून सुरांची पाटी उलटी करावी लागते. पाटीवर ओळीने पितळेच्या लहान चौकटी बसवलेल्या असतात. प्रत्येक चौकटीत एक अरुंद खाच आणि त्या खाचेवर एका टोकाला रिव्हेट मारून बसवलेली पितळेची जीभ. या जोडीलाच पेटीवाले सूर म्हणतात. हवा आली की जीभ खाचेतून आत-बाहेर जाते. कडांना मात्र शिवत नाही. सगळी कारागिरी या न शिवण्यात आहे. जीभ आणि खाच यांत फट जास्त राहिली तर सूर लागण्याआधीच हवा निघून जाते. फुसफुस ऐकू येते ती हीच. फट फार कमी ठेवली तर धुळीचा एक कण सूर बंद पाडतो. शिवाय जिभेचे मोकळे टोक चौकटीपासून किंचित उचललेले असते. ही उचल जास्त झाली तर सूर उशिरा आणि जोर लावल्यावर लागतो. कमी झाली तर भाता जोरात मारताच गुदमरतो. खर्जातल्या जिभांचे टोक जड ठेवतात, तारसप्तकातल्या जिभा टोकाकडे पातळ करत नेतात. जिभेला अगदी थोडा बाक दिला की स्वराचा कडकपणा जातो. पॅरिसच्या जुन्या सुरांत या सगळ्या गोष्टी एका पाटीवर एकसारख्या सांभाळलेल्या दिसतात. खर्जापासून तारेपर्यंत बोट सरकवत न्यावे, कुठेही एक सूर दुसऱ्याच्या पुढे घुसत नाही. नव्या पेटीत सुटा सूर चांगला सापडेल, पण पाटीभर ही समज सापडणे दुर्मीळ.

आलेक्सांद्र दबँ याने पॅरिसला १८४२ मध्ये 'हार्मोनियम' या नावाने पेटंट घेतले आणि ते नाव स्वतःपुरते राखून ठेवले, म्हणून त्याच काळातल्या इतर फ्रेंच कारखानदारांना आपल्या वाद्यांना दुसरी नावे शोधावी लागली. आलेक्सांद्र पिता-पुत्रांच्या कारखान्याने 'ऑर्ग-मेलोडियम' म्हटले. व्हिक्टर म्यूस्तेलने पुढे स्वराचा उठाव फार नाजूकपणे सांभाळता येईल अशी रचना केली. ही सगळी पायपेटीची, दोन्ही हातांनी वाजवायच्या वाद्याची कथा. आपल्याकडे ती पेटी जमिनीवर आली, ती कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या 'द्वारकिन' दुकानातून, १८८० च्या दशकात. भाता मागच्या बाजूला नेला, पाय सुटले, डावा हात भात्यावर आणि उजवा पट्ट्यांवर. आपल्या गाण्याला एका वेळी एकच स्वरओळ हवी, तेव्हा दुसरा हात रिकामाच होता. त्याला श्वासाचे काम मिळाले. माझ्या मते ही फार मोठी सुधारणा होती. पायाने भाता मारणाऱ्याला ओळीच्या शेवटी स्वर विझवण्यासाठी खास रचनेचा स्टॉप ओढावा लागे. हातपेटी वाजवणारा ते काम मनगटाने करतो. पण सूर बराच काळ परदेशीच राहिले. पॅरिसच्या कासरिएलचे नाव अजूनही जुन्या पेटीवाल्यांच्या तोंडी आहे, जर्मन 'ज्युबिलेट' सुरांचेही. परदेशी माल आटल्यावर गुजरातेत पालिताण्याला सूर घडवण्याचा धंदा वाढला, आणि आजची आपली बरीचशी पेटी पालिताण्याच्या सुरांवर उभी आहे.

महाराष्ट्रात पेटी रंगभूमीबरोबर गावोगाव गेली. 'मानापमान'ला १९११ मध्ये ज्यांनी चाली दिल्या ते गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) मुळात पेटीवाले. भास्करबुवा बखल्यांच्या गाण्यामागे त्यांची पेटी असे. पुढे गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गन आला. हरिभाऊ देशपांडे ऑर्गनवर, कादरबक्ष सारंगीवर, अहमदजान थिरकवा तबल्यावर, असा तो संच. खानदेशाचे या परंपरेशी नाते जुने आहे. बालगंधर्वांना गाण्याचे पहिले धडे जळगावात मेहबूबखाँ यांच्याकडून मिळाले, आणि आजही दर जानेवारीत त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव जळगावात भरतो. मुंबई–भुसावळ लोहमार्गामुळे नाटक कंपन्यांना हा मुलूख सोयीचा होता. पाचोऱ्याहून पुढे पीजे होती, म्हणजे पाचोरा–जामनेर ही छप्पन्न किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर करत ती जामनेरला पोचायची. २०२० मध्ये ती थांबली. माझ्याकडच्या निम्म्याहून अधिक पेट्या या मार्गावरच्या गावांतल्या आहेत. शेंदुर्णीला त्रिविक्रमाचे मंदिर, लोक तिला खानदेशचे पंढरपूर म्हणतात. साहजिकच त्या पट्ट्यात भजन जोरात आणि पेट्याही भरपूर.

गिटारच्या संग्राहकांचे जग मी दुरून, पण आवडीने पाहत आलो आहे. अमेरिकेतली मार्टिन कंपनी १८३३ पासून गिटारी बनवते. तिच्या डी-४५ या गिटारी १९३३ ते १९४२ या काळात फक्त ९१ निघाल्या आणि आज त्यातली एक मिळावी म्हणून लोक घर विकायला तयार होतील. तिथे जाणकार गिटारच्या तोंडातून आरसा घालून आत पाहतात. वरच्या फळीला आतून ज्या आधारपट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्या १९४४ पर्यंत मार्टिनमध्ये कोरून बारीक करत, नंतर सरळ ठेवू लागले. आवाजातला फरक त्या कोरण्यात आहे, म्हणून आरसा. पण त्यांचा पहिला प्रश्न असतो, मूळ आहे का? खुंट्या मूळ, घोडी मूळ, रोगण मूळ. कोणी पुन्हा रोगण फिरवले असेल तर किंमत धाडकन खाली येते. कारखान्यातून निघताना जशी होती तशी राहिलेली गिटार ही त्यांच्या लेखी सर्वांत श्रेष्ठ.

पेटीला हे माप लावायचे नाही, असे माझे ठाम मत आहे. मला ते एका पेटीने पटवले.

ती पेटी मला शेंदुर्णीच्या बाजूच्या एका गावातून मिळाली. साडेतीन सप्तके, दोन सुरांची, खर्ज-नर, म्हणजे प्रत्येक पट्टीला दोन जिभा. बाहेरून काहीच नाही: सागवानी खोका, एका कडेला उंदराने कुरतडलेला, भात्याच्या घड्यांवर चिकटवलेले जुन्या पिशव्यांच्या कापडाचे तुकडे. गावचे भजनी मंडळ कधीच मोडले होते आणि पेटी ज्या आजोबांच्या घरी होती, त्यांनी ती देताना अभिमानाने सांगितले, "भाऊ, हाई पेटीले कानस लागेल नई." म्हणजे कोणी घासून स्वर बदललेले नाहीत. गिटारवाल्याच्या भाषेत, मूळ आहे.

घरी येऊन सुरांची पाटी काढली. सूर पॅरिसचे, शंकाच नाही. प्रत्येक चौकट दोन्ही टोकांना स्क्रूने बसवलेली. अमेरिकन ऑर्गनमध्ये सूर खाचेत सरकवलेले असतात आणि आकड्याने ओढून काढतात. स्क्रू लावणे ही युरोपातल्या पेटीची रीत. स्क्रूंच्या डोक्यावर एकेरी खाच, कडा शाबूत. (फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात आले. ज्या 'शंभर वर्षांच्या' पेटीत ते दिसतील तिचे सूर कधीतरी बदललेले आहेत, मग आतले लेबल काहीही म्हणो.) म्हणजे हे सूर पाटीवरून कधी निघाले नव्हते. आजोबा तेवढ्यापुरते खरे होते. पण भिंग धरल्यावर जिभांवर ओरखडे दिसले.

पेटीचा सूर घासायची रीत जुनी आणि सोपी आहे. जिभेखाली पातळ पत्रा सरकवायचा, म्हणजे ती दबत नाही, आणि बारीक कानशीने दोन-चार हात मारायचे. टोकाजवळ घासले की टोक हलके होते आणि सूर चढतो. मुळाजवळ, रिव्हेटपाशी घासले की जीभ तिथे लवचीक होते आणि सूर उतरतो. घासलेले पितळ परत येत नाही. म्हणून प्रत्येक ओरखडा हा कोणीतरी कायमचा घेतलेला निर्णय असतो, आणि तो कोणत्या टोकाला आहे यावरून निर्णय काय होता ते कळते.

या पेटीत पांढरी चारच्या, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या पांढऱ्या पट्टीच्या, जिभांवर मुळाशी ओरखडे होते. खर्ज, मध्य आणि तार अशा तिन्ही सप्तकांत, आणि दोन्ही ओळींत. काळी पाचवरही तसेच, मुळाशी. पांढरी एकवरही, थोडे कमी. पांढरी तीनवर उलट, टोकाशी. बाकीच्या जिभा जवळपास कोऱ्या. ओरखडे जुने, पितळाइतकेच काळवंडलेले.

क्षणभर मला काही उमगेना. मग सा कुठे धरला तर हे जुळते ते पाहिले. काळी एक सा धरला की शुद्ध गंधार पडतो पांढरी चारवर, शुद्ध धैवत काळी पाचवर, शुद्ध निषाद पांढरी एकवर, कोमल गंधार पांढरी तीनवर. कारखान्यातून आलेल्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्यात पंचम जवळजवळ बरोबर असतो, पण शुद्ध गंधार चढा असतो, तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने. काळी एक सा असताना मध्य सप्तकातल्या गंधारात हा फरक सेकंदाला पावणेतीन कंपनांच्या आसपास येतो. ऐकायला एवढासा, पण तंबोरा चालू असेल तर गंधारावर थांबताच तो टोचतो. शुद्ध धैवतही असाच चढा, निषादही. कोमल गंधार मात्र उलट, तो उतरलेला असतो आणि वर घ्यावा लागतो. त्या पेटीवर ज्याने कानस चालवली त्याने नेमके हेच केले होते. गंधार, धैवत, निषाद उतरवले होते, कोमल गंधार चढवला होता. आज पेटीवाले याला गांधार ट्यूनिंग म्हणतात आणि त्याबद्दल चर्चासत्रे होतात. इथे ते कोणा अनाम कारागिराने खेड्यातल्या भजनी मंडळासाठी करून ठेवले होते, कानाने.

आणखी एक गोष्ट. साडेतीन सप्तकांच्या पेटीत उजवीकडची अगदी शेवटची पट्टीही पांढरी चारच असते. तिची जीभ कोरी होती. तिथपर्यंत मंडळाचे गाणे कधी जात नव्हते, म्हणून कारागिराने तिला हात लावला नाही. जेवढे गायले जाणार तेवढेच घासायचे, एक कीसही जास्त नाही. कामातला हा संयम मला फार मोठा वाटतो.

ते मंडळ मी कधी ऐकले नाही. त्यातला कोणी आज गात नाही. पण ते काळी एकमध्ये गात, शुद्ध गंधारावर थांबत, कोमल गंधाराच्या चालीही त्यांच्याकडे होत्या आणि त्यांच्यात निदान एकाच्या कानाला चढा गंधार सहन होत नव्हता, एवढे मला त्या जिभांनी सांगितले. कोऱ्या, मूळ अवस्थेतल्या पॅरिस पेटीने मला पॅरिसबद्दल सांगितले असते. या पेटीने त्या गावाबद्दल सांगितले. म्हणून गिटारीत जे किंमत उतरवते तेच पेटीत मी किंमत वाढवणारे मानतो.

सगळेच ओरखडे मात्र सारखे नसतात. त्याच पेटीतल्या मध्य सप्तकाच्या पांढरी चारवर दुसऱ्या टोकालाही एक ओरखडा होता, चकचकीत, नवा. कोणीतरी अलीकडे, बहुधा मोबाइलवरच्या मीटरकडे पाहून, तो उतरलेला गंधार 'चुकीचा' ठरवून पुन्हा चढवला होता. एकाच जिभेवर दोन टोकांना दोन मते. एक कानाचे, एक काट्याचे. याबद्दल मला मनापासून चीड आहे, कारण हे आज सर्रास होते. पेटी दुरुस्तीला गेली की ती सरसकट मीटरवर मिळवून येते.

त्यातच पट्टीचा घोटाळा आहे. फ्रान्सने १८५९ मध्ये कायद्याने मध्य सप्तकातल्या पांढरी सहाची कंपने सेकंदाला ४३५ ठरवली होती. आज जगभर ४४० धरतात. ते १९३९ पासून रूढ झाले. म्हणजे जुनी पॅरिस पेटी आणि आजची पेटी शेजारी ठेवून पांढरी सहा दाबली तर सेकंदाला पाच लाटा ऐकू येतात, अर्ध्या स्वराचा पाचवा हिस्सा. तेवढ्यासाठी सगळ्या जिभांची टोके घासून जुनी पेटी ४४० ला चढवतात. बेचाळीस पट्ट्या, दोन ओळी, म्हणजे चौऱ्याऐंशी जिभा, आणि प्रत्येकीचे टोक पातळ. खर्जाच्या जिभेचे तर टोकाचे वजन हाच तिचा प्राण. ते गेले की सूर बोलतो, पण भरत नाही. नव्या पेटीशी जुळावी म्हणून जुनी पेटी मारण्यात काय मिळते? बरोबरीला नवी पेटी हवी असेल तर नवी घ्यावी. जुनीला तिच्या पट्टीत राहू द्यावे आणि तंबोरा तिच्याशी जुळवावा. तंबोऱ्याला कुठली पट्टी वर्ज्य नसते.

पेटीवरचा मोठा आक्षेप मला माहीत आहे. तिचे स्वर ठरलेले, मींड निघत नाही, बारा समान भाग आपल्या रागाला मानवत नाहीत. या कारणांनी ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीला बंदी केली आणि ती सुमारे तीस वर्षे टिकली. मींडेचा आक्षेप मी मान्य करतो. पी. मधुकर किंवा गोविंदराव पटवर्धन यांच्या बोटांतून जे निघे तो मींडेचा भास होता, आणि भास म्हणून तो अप्रतिम होता. पण स्वरस्थानांचा आक्षेप पेटीवर नाही, तिच्या मिळवण्यावर आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी हे शतकापूर्वीच ओळखले होते. अब्दुल करीम खाँ यांच्या गाण्याच्या आधाराने त्यांनी श्रुतींची मोजमापे केली, आणि सनदी नोकरीतले अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्यासह श्रुतिपेटी विलायतेहून बनवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर खडाजंगी झाली. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी वेगळ्या रीतीने सिद्ध केली. हे मोठे प्रयत्न आहेत, आणि देवल-क्लेमेंट्स घडणीची पेटी ही माझ्या लेखी कुठल्याही डी-४५ पेक्षा दुर्मीळ आणि मौल्यवान चीज. तरी एक सांगावेसे वाटते. देवलांना सगळ्या श्रुती एका पेटीत हव्या होत्या. शेंदुर्णीकडच्या कारागिराला फक्त एका मंडळाचा एक सा सांभाळायचा होता. त्यामुळे त्याला नवी पेटी लागली नाही, चार स्वर आणि एक कानस पुरली.

खानदेशात जुनी पेटी सांभाळणे सोपे नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिसापर्यंत जातो, लाकूड आकसते, सुरांच्या पाटीला केसाएवढी चीर पडते आणि पट्टी न दाबताच एखादा सूर गुणगुणत राहतो. आषाढात तेच लाकूड फुगते आणि पट्ट्या अडकतात. भात्याचे चामडे न वापरता पडले की वाळून घडीवर फाटते. यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसतो, तो म्हणजे पेटी वाजती ठेवणे. चाळीसगावला केकी मूस (१९१२–१९८९) यांनी आयुष्यभर राखलेले कलादालन किंवा पुण्याचे राजा केळकर संग्रहालय पाहताना संग्रहवृत्तीला मी मनोमन नमस्कार करतो. त्या माणसांनी जपले नसते तर कितीतरी वस्तू चुलीत गेल्या असत्या. पण वाद्य काचेमागे गेले की त्याची माहिती उरते आणि आवाज जातो, आणि पेटीचे तर सगळे काही आवाजातच आहे. माझ्याकडच्या पेट्या मी मागेल त्या मंडळाला सप्ताहापुरत्या देतो. अट दोनच: लाउडस्पीकरचा माइक भात्याला चिकटवायचा नाही, आणि कोणाला दुरुस्तीचा मोह झाला तर आधी मला विचारायचे.

त्या पांढरी चारचे काय करायचे, हा प्रश्न बराच काळ माझ्यापुढे होता. मीटरवाल्याने चढवलेली जीभ पुन्हा मुळाशी घासली तर उतरेल, पण ती आधीच दोन्ही टोकांना पातळ झालेली. तिसऱ्यांदा कानस लावणे म्हणजे ती कधीतरी मुळात मोडण्याची व्यवस्था करणे. जुने पेटीवाले एक युक्ती करतात. सूर उतरवायचा आणि पितळ वाचवायचे असेल तर जिभेच्या टोकावर मेणाचा अगदी लहान कण बसवायचा. टोक जड झाले की सूर उतरतो, आणि मेण खरवडले की सूर होता तसा. मी मोहरीहून लहान कण घेतला, बसवला, तंबोरा काळी एकला लावला आणि मध्य सप्तकातली पांढरी चार दाबली. कण थोडा मोठा होता, गंधार उतरून बेसूर झाला. सुईने खरवडत गेलो. एका जागी लाट थांबली. तिथे खर्जातली आणि तारेतली पांढरी चार, ज्यांना मीटरवाल्याने हात लावला नव्हता, या मधल्या सुराशी अचूक जुळल्या. तिघींत एकही लाट नाही. म्हणजे तंबोऱ्यावरून मी जिथे थांबलो तिथेच तो जुना कारागीरही थांबला होता. मग काळी पाच दाबली, तो धैवत तसाच जुळलेला निघाला. एवढ्या वर्षांच्या उन्हा-पावसात पितळ काळे पडले होते, स्वर जागचा हलला नव्हता.

मेण उन्हाळ्यात मऊ पडते, भाता जोरात मारला की उडतेही. म्हणून टोकाला कथलाचा बारीक डाग द्यावा असे दोन पेटीवाल्यांनी सुचवले. तो टिकतो आणि लागलाच तर काढताही येतो. पण डाग देताना लागणारी धग एवढ्या पातळ जिभेला कितपत मानवेल याची मला धास्ती आहे, तेव्हा तूर्त मेणच ठेवले आहे आणि दर पंधरवड्याला ते तपासतो. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवला आहे: कोणत्या गावची, सा काळी एक, पट्टी ४३५, कोणत्या जिभांवर कोणत्या टोकाला घासले आहे त्याची यादी, आणि मध्य सप्तकातल्या पांढरी चारवर मेण आहे, ते मीटर पाहून काढू नये. ज्यांच्याकडे अशी जुनी पेटी आहे त्यांनी ती दुरुस्तीला टाकण्यापूर्वी भिंग घेऊन एक दुपार तिच्या जिभा पाहाव्यात आणि असा कागद लिहावा, एवढी माझी विनंती आहे.